घरटी एक लाकूड

त्या दिवशी डोंगर घसरला. आमची वाडी त्याखाली गेली. आई घरात होती. वडील गुरांमागे माळावर होते. मी महाडात होतो, तिथल्या शाळेत शिकवतो. महाडात पुराचं पाणी होतं आणि रस्ते बंद होते. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला होती. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, आणि पायथ्याच्या ज्या गावाने आम्हाला ठेवून घेतलं त्याचंही नाही. त्या गावातली माणसं नावानिशी ओळखली जावीत असं मला वाटत नाही. चांगुलपणासाठीही नाही आणि नंतर जे झालं त्यासाठीही नाही. जे झालं ते त्यांच्या स्वभावातून आलं असं मी मानत नाही. ते त्यांच्याकडून करवून घेतलं गेलं. हे शांतपणे लिहायचं मी बरेच महिने ठरवतो आहे. शांतपणे लिहिता येत नाही, म्हणून सावकाश लिहितो आहे.

पाणी ओसरल्यावर एका ट्रकमधून पोलादपूरपर्यंत आणि पुढे चालत मी गेलो. वडील पायथ्याच्या गावात, शाळेच्या व्हरांड्यात, वाडीतल्या वाचलेल्या माणसांबरोबर बसले होते. अंगात दुसऱ्याचा सदरा होता. त्यांच्या दोन गाई आणि बैल समोरच्या घराच्या गोठ्यात बांधले होते. त्या घरातली बाई वडिलांना भाकरी देत होती आणि वडील ती हातात धरून बसले होते.

"खा ओ दादा," ती म्हणत होती. "गुरांनी खाल्लं, तुमी खा. गुरांपेक्षा हट्टी हायत तुमी."

ती बाई म्हणजे काकी. तिला पुढे मी काकीच म्हणत आलो. तिचा नवरा त्या गावच्या गावकीचा प्रमुख. कोकणात गावकी म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. देवळाची पालखी, होळीचा मान, पाणवठ्याची डागडुजी, मेलेल्याची क्रिया, हे सगळं गावकी बघते. ग्रामपंचायत निवडून येते, गावकी नुसती असते. तिच्या प्रमुखाला मी काका म्हणायचो.

दोन दिवसांनी आई सापडली. तिला बघून वडील एवढंच म्हणाले, "जाळायची कशी? सगळं वलं हाय."

आमच्या बाजूला पावसाळ्याआधी घराघरात लाकूडफाटा भरून ठेवतात. चुलीच्या वरच्या माळ्यावर ऐनाची, किंजळीची लाकडं रचलेली असतात. धुराने ती खडखडीत वाळतात. चार महिन्यांचा स्वयंपाक त्याच्यावर असतो. गॅस आला तरी भाकरीला आणि अंघोळीच्या पाण्याला चूलच लागते, त्यामुळे ही रास संपली तर घर अडतं. आणि दुसरी एक रीत आहे. वाडीत कुणी मेलं की घरटी एक लाकूड जातं. ते मागायला कुणी येत नाही. ज्या त्या घरचा माणूस लाकूड घेऊन मसणवटीत येतो आणि आपल्या हाताने सरणावर ठेवतो. कुणाचं मोठं, कुणाचं लहान, कुणी बघत नाही. न आणणारं घर मात्र लोकांच्या लक्षात राहतं. त्या घराने स्वतःला वेगळं काढलं असं समजतात.

ही रीत आपापल्या वाडीपुरती असते. पायथ्याच्या गावाला आमच्या मढ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांची गावकी वेगळी, मसणवट वेगळी, देव वेगळा. तरी त्या सकाळी मी शाळेच्या दारातून बघितलं, माणसं रांगेने ओढ्याकडे उतरत होती. प्रत्येकाच्या काखेत खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं एक एक लाकूड होतं. भिजू नये म्हणून ते पोटाशी धरलेलं होतं, बाळंतिणीने मूल धरावं तसं. सगळ्यात पुढे काका होते.

मी काहीतरी म्हणायला गेलो. काका म्हणाले, "मास्तर, काय बोलू नका. पाव्हण्याचं मढं ते आपलंच मढं."

ओढ्याकाठी त्यांच्या मसणवटीला पत्र्याची शेड आहे. तिच्याखाली आई जळली, वाडीतली इतरही जळली. जी सापडली ती. त्या पावसाळ्यात त्या गावातल्या कितीतरी घरांत ओल्या लाकडाचा धूर काढत बायकांनी भाकऱ्या भाजल्या. काकीचे डोळे दिवाळीपर्यंत लाल होते. कुणी बोलून दाखवलं नाही. आम्हाला सगळे पाव्हणे म्हणायचे. पाव्हण्यांना चहा दे, पाव्हण्यांची गुरं सोड, पाव्हण्यांच्या म्हातारीला दवाखान्यात ने.

मी शाळेत इतिहास शिकवतो. फाळणीच्या धड्यात 'निर्वासित' हा शब्द येतो आणि मुलं त्याचा अर्थ वहीत उतरवून घेतात: स्वतःचा प्रदेश सोडून आलेले लोक. त्या वर्षी तो धडा शिकवताना मी अडखळलो. आम्ही एक डोंगर उतरून खाली आलो होतो. देश तोच, तालुका तोच, बोलीही तीच. तरीही सरकारदरबारी आमची एक वेगळी जात तयार झाली होती, 'बाधित'. आणि बाधितांचं काय करायचं याचं धोरण आधीच तयार होतं. त्यात आम्हाला काही विचारायची जागा नव्हती. पायथ्याच्या गावाला तर नव्हतीच.

त्या गावाने मात्र स्वतःचा विचार केला होता. गणपती झाल्यावर देवळात गावकी बसली आणि आम्हालाही बोलावलं. त्या गावातली निम्मीअधिक घरं मुंबईत गेलेली. काही बंद, काही पडलेली. पडलेल्या घरांची नुसती जोती उरलेली, चिऱ्यांची, भक्कम, वर गवत वाढलेलं.

काका म्हणाले, "जोती रिकामी हायत. त्यावर भिंती चढवा. चार घरं खालच्या आळीत, चार वरच्या, जमेल तशी. मुंबईवाल्यांशी आमी फोनवर बोललोय. नाय म्हणतील त्यांचं सोडून देऊ."

मागून कुणीतरी म्हणालं, "आणि होळीला पोळ्या कमी पडल्या तर?"

"तर तुझ्या कमी करू," काका म्हणाले. लोक हसले. डोंगर घसरल्यानंतर वडील पहिल्यांदा हसलेले मी तेव्हा बघितले.

वडिलांनी जोतंही निवडून ठेवलं. काकीच्या गोठ्याच्या पलीकडचं. रोज संध्याकाळी जाऊन ते त्याच्यावरचं गवत उपटायचे. दार कुठल्या बाजूला ठेवायचं यावरून त्यांचं आणि काकीचं भांडण चालायचं. "माझ्या तोंडावर दार नको ओ दादा, दिवसभर तुमचं तोंड बघू काय?" ती म्हणायची. वडील म्हणायचे, "वयनी, मग तुमी तुमचा गोठा फिरवा."

मी सगळ्यांच्या वतीने अर्ज लिहिला. गावकीची संमती आहे, घरमालकांची संमती मिळते आहे, बांधकामाला मदत द्यावी. उत्तर द्यायला पुनर्वसनाचं काम बघणारे साहेब स्वतः आले. तरुण होते, नम्र होते. माझ्याशी शुद्ध मराठीत बोलले. मला त्यांचा राग यायला हवा होता तेवढा त्या दिवशी आला नाही. नंतर आला.

"सर, भावना समजतात," ते म्हणाले. "पण असं विखुरलेलं पुनर्वसन धोरणात बसत नाही. सलग जागा लागते. शासकीय जागा लागते. मंजूर आराखडा लागतो."

"पण लोक स्वतःहून देतायत," मी म्हणालो.

"लोकांनी दिलेलं कागदावर घेता येत नाही, सर."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. लोकांनी दिलेलं त्यांना घेता आलं नाही. मग त्यांनी लोकांचं न विचारता घेतलं, आणि ते मात्र कागदावर अगदी व्यवस्थित बसलं.

पायथ्याच्या गावाला एक गुरचरण होतं. गावाच्या वरच्या अंगाला, उताराचं पण मऊ. गावची गुरं तिथे चरायची, पावसाळ्यानंतर तिथलं गवत कापून गंजीसारखे माच रचायचे, कडेला ऐनाची झाडं होती, त्यांच्या फांद्या तोडून फाटा व्हायचा. सातबाऱ्यावर ती जमीन सरकारची. गावाच्या दृष्टीने ती कुणाची हा प्रश्नच कधी पडला नव्हता. एका सकाळी तिथे जेसीबी चढला. गुरं घेऊन गेलेल्या बायकांनी बघितला आणि खाली येऊन सांगितलं. काका धावत वर गेले. कुणाला विचारून आलात म्हणाले. चालवणारा बिचारा परप्रांतातला होता. तो म्हणाला, मला खड्डे मारायला सांगितलेत, मी खड्डे मारतो.

ऐनाची झाडं कापून ठेकेदाराने ट्रकमधून नेली. आईच्या सरणावर जी लाकडं होती ती याच झाडांच्या फांद्यांची होती.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही काकीच्या पडवीत बसलो होतो. वडील जोत्यावर गेले नाहीत. काका आमच्याकडे बघून म्हणाले, "तुमाला ठाऊक होतं काय, मास्तर? तुमी लिहिता वाचता सायबांना." मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, मला कळलं नाही. त्यांनी तरी कसा ठेवावा? जमीन गेली त्यांची आणि त्यावर घरं व्हायची होती आमची. यात आमचा हात नाही हे एखाद्याने किती दिवस मानावं?

वसाहत झाली. एकसारखी घरं, रांगेत, दारावर क्रमांक. वरती स्लॅब, आत ओटा आणि नळ. पडवी नाही. गोठा नाही. चूल मांडायला जागा नाही, धूर जायला वाट नाही. भोवती तारेचं कुंपण आणि पुढे फाटक. कुंपण कशासाठी, हे मी विचारलं. आराखड्यात आहे, असं उत्तर मिळालं. गावची गुरं वरच्या पाण्यावर जायची ती वाट त्या तारेने कापली गेली.

उद्घाटनाला मांडव घातला होता. यजमान गावच्या महिलांनी ओवाळून स्वागत करावं असा निरोप आला होता, म्हणून काकी ताट घेऊन उभी होती. तिने वडिलांना ओवाळलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. मग भाषण झालं. व्यासपीठावरून कुणी म्हणालं, "या गावाने मोठ्या मनाने आपल्या बांधवांसाठी जमीन दिली." टाळ्या वाजल्या.

माझ्या मागे काकी शेजारणीला म्हणाली, "कधी दिली गो आपण? झोपेत?"

"मी पण झोपलेली," शेजारीण म्हणाली. "बघ ना, जाग आली तर जमीन नाय."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. मीही हसलो असतो. पण मी पुढच्या रांगेत, लाभार्थ्यांच्या खुर्चीवर बसलो होतो.

मग पाणी. वरच्या झऱ्यावरून गावाच्या टाकीत येणारी पाइपलाइन मधेच जोडून वसाहतीला दिली. वसाहत गावाच्या वर, म्हणून आधी आमच्याकडे यायचं. चैत्रात खाली धार बारीक झाली. गावातल्या बायका कळश्या घेऊन फाटकाशी यायच्या आणि आमच्या नळावर भरायच्या. पहिल्यांदा आमच्या बायका त्यांना बसायला सांगायच्या. मग आमच्यातल्याच कुणीतरी म्हणालं, बारी लावा. मग गावातलं कुणीतरी म्हणालं, आमच्या झऱ्याच्या पाण्याला तुमी बारी लावता? त्या वर्षी पाव्हणे हा शब्द संपला. 'दरडवाले' आला. दरडवाल्यांची कॉलनी, दरडवाल्यांचा नळ. मुंबईहून मे महिन्यात आलेला एक जण फाटकातून आत बघून म्हणाला, "इधर तो रेफ्युजी लोगों का मजा है." तो त्यांच्यातलाच होता, ज्यांनी पूर्वी फोनवर आपलं जोतं देऊ केलं होतं.

वडिलांची गुरं अजून काकीच्या गोठ्यात होती, कारण वसाहतीत गोठ्याला परवानगी नव्हती. सकाळ संध्याकाळ वडील खाली जायचे. तेवढा एक धागा राहिला होता. वैशाखात काका स्वतः गुरं घेऊन फाटकाशी आले.

"दादा, घ्या," ते म्हणाले. "गुरचरण गेलं. माझीच गुरं इकडं तिकडं तोंड मारत फिरतात. तुमची कुठून पोसू?"

वडील म्हणाले, "बरोबर हाय तुमचं."

"बरोबर हाय म्हणू नका ओ," काका एकदम ओरडले. "भांडा तरी माझ्याशी!"

वडील भांडले नाहीत. त्यांनी गुरं आणून नव्या घराच्या खिडकीच्या गजाला बांधली. आठवड्याभरात कुणीतरी तक्रार केली आणि समज देणारं पत्र आलं. वडिलांनी गुरं विकली. डोंगर घसरला त्या दिवशी या गुरांमुळे ते वाचले होते. गुरं गेल्यावर त्यांचं जेवण कमी झालं. मी महाडहून दर शनिवारी जायचो. ते स्लॅबकडे बघत पडलेले असायचे.

त्याच सुमारास एका संस्थेचे दोघं आले, एक मुलगा आणि एक मुलगी. हातात टॅब होते. स्थानिक आणि पुनर्वसित यांच्यातील संबंध, असा त्यांचा विषय होता. स्थानिक लोक तुमच्याशी कसे वागतात, असं त्यांनी वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, "तुमच्यापेक्षा बरं." मुलगी ओशाळली. खाली गावात त्यांनी काकांना पाच पर्याय वाचून दाखवले, फार चांगले इथपासून सुरू करून. काका म्हणाले, शेवटचा लिवा. मुलगी म्हणाली, ऐकून तरी घ्या. काका म्हणाले, "शेवटचा वाईट असतो ना? मग तोच."

त्या मुलांवर मला राग नाही. राग त्या प्रश्नावर आहे. लोकांचा दृष्टिकोन म्हणजे जणू हवामान, आधीपासूनच तिथे होतं आणि आपण फक्त मोजायला आलो. त्या गावाचा दृष्टिकोन काय होता हे मी आईच्या सरणावर बघितलं होतं. तो मोजायला तेव्हा कुणी आलं नाही. तो मोडल्यावर आले.

पावसाळा संपता संपता वडील अंथरुणाला खिळले. एका दुपारी म्हणाले, "पोरा, मला कुठं नेशील?"

मला वाटलं दवाखान्याचं म्हणतायत. मी म्हणालो, महाडला नेतो.

"दवाखान्याचं नाय विचारत. मेल्यावर."

मी त्यांच्याजवळ सरकलो.

"तुझी आय जिथं नेली तिथंच ने. ओढ्याच्या काठाला. दुसरं काय नको मला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आराखड्यात मसणवट नाही. रस्ता होता, दिव्याचे खांब होते, अंगणवाडी होती, कोपऱ्यात बालोद्यानाची जागा राखलेली होती आणि तिथे तसा फलकही होता. मरायची सोय नव्हती. ज्या लोकांना मरणामुळेच इथे आणलं ते पुन्हा मरतील हे आराखडा काढणाऱ्याला सुचलं नाही. साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी फोनवर सांगितलं, "लगतच्या गावाची सुविधा सामायिक धरलेली आहे." कुणी धरली? गावाला विचारून? ते म्हणाले, तसं गृहीत असतं.

मग मी काकांकडे गेलो. जिवंत माणसासाठी मसणवट मागायला जाणं काय असतं ते मी लिहिणार नाही. काकीने चहा ठेवला. काकांनी ऐकून घेतलं.

"मास्तर, तुमच्याशी भांडण नाय," ते म्हणाले. "पण गावकीत हा विषय झालाय. लोक म्हणतात, जागा न विचारता घेतली, पाणी न विचारता घेतलं, आता मसणवटपण सायबाने देऊन टाकली. उद्या पालखीचा मान देईल."

"मी विचारतोय ना, काका. साहेब नाही, मी विचारतोय."

"तुमी आता विचारून काय उपयोग? तुमचं सगळं सरकारकडनं येतं. घर आलं, नळ आला. मढ्याची जागापण त्यांच्याकडंच मागा."

"आई तिथे जळली आहे."

काकांनी आपला चहा संपवला. मग म्हणाले, "तवा तुमी पाव्हणे होता."

काकांची रिकामी कपबशी उचलताना काकी त्यांना म्हणाली, "बोललात ते बोललात. आता त्या माणसाला चहा तरी पिऊ द्या." मी चहा न पिता उठलो.

वडील मार्गशीर्षात गेले. सकाळची वेळ होती. वसाहतीतली माणसं जमली, तिरडी बांधली, आणि मग न्यायचं कुठे यावर अडलं. कुणी म्हणालं, महाडला गाडी करून नेऊ, तिथे सोय आहे. कुणी म्हणालं, वर आपल्या वाडीत नेऊ. वरच्या वाटेवर प्रवेशबंदीचा फलक आहे आणि पलीकडे वाट उरलेली नाही. तेवढ्यात गावकीचा निरोप घेऊन एक जण आला. या एका वेळेपुरतं ओढ्यावर न्या, पण मास्तरांनी लिहून द्यावं, की वसाहतीचा मसणवटीवर हक्क नाही आणि पुन्हा कुणी मागणार नाही.

मी पेन मागितलं असतं तर वडील आईच्या जागेवर गेले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं. लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या घोळक्यात दोन म्हातारी माणसं होती, दोघंही आजारी. त्यांच्या वतीने मी काय लिहून द्यायचं होतं? आणि माझ्या डोक्यात फक्त एवढंच येत होतं, की लिहून घ्यायची ही सवय या गावाला नव्हती. ती त्यांनी आमच्या साहेबांकडून उचलली होती.

मी म्हणालो, लिहून देत नाही. बागेत नेऊ.

कोपऱ्यातल्या बालोद्यानात फलक सोडून काही नव्हतं. एक घसरगुंडी यायची होती ती आली नाही. जमीन मोकळी होती. मी घरोघर सांगायला निघालो, घरटी एक लाकूड. पहिल्या दारातच थांबलो. घरात लाकूड नव्हतं. कुणाच्याच घरात नव्हतं. सगळ्यांकडे सिलिंडर. माळा नाही, चूल नाही, फाटा ठेवायला जागा नाही, आणि तोडायला ऐन उरलेला नाही. त्या फाटकाच्या आत आम्ही रीत पाळू शकत नव्हतो.

मग लोकांनी जे होतं ते आणलं. एकाने बसायचा पाट आणला. एका घरातून मुसळ आलं. कुणी मोडक्या खाटेचे पाय आणले. कुणी ढिगाऱ्यातून शोधून काढलेला आणि मग आठवण म्हणून भिंतीला टेकवून ठेवलेला नांगराचा इस, त्याचा लांब दांडा, आणला. शेजारच्या म्हातारीने नव्या घराच्या खिडकीची चौकट आणली. ती कधी निखळली होती की तिने तेव्हाच काढली, मी विचारलं नाही. एवढ्या लाकडांत माणूस जळत नाही. एक जण मोटारसायकलवरून पोलादपूरला वखारीत गेला. आम्ही तिरडीभोवती बसून राहिलो.

तो यायच्या आधी फाटकातून काकी आली. डोक्यावर लाकडाचा भारा होता. एकटीच होती. आमच्याकडे बायका मसणवटीत जात नाहीत, म्हणून दोघं तिघं तिला अडवायला उठले.

"का? का अडवता?" ती म्हणाली. "ही तर बाग हाय ना? फळ्यावर लिवलंय. बागेत बाया जातात."

तिने भारा खाली टाकला. आंब्याचं वाळलेलं लाकूड होतं, आणि दोन ऐनाची लाकडं, काळी पडलेली, माळ्यावरची, जुनी. ती वडिलांच्या पायाशी उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"हे दादांसाठी आणलंय. तुमच्या कॉलनीसाठी नाय."

मी मान हलवली.

"आणि मास्तर, तुला लिवता येतं. आज लिवायला पायजे होतं. दादा तिकडं गेले असते तिच्याजवळ." तिचा आवाज चढला. "तुझी अक्कड, ह्यांची अक्कड. सायबाचं काय गेलं? माझी गुरं कुठं चरतील ते लिव तुझ्या सायबाला, जमलं तर."

तिचे आभार मानावेत असं मला वाटलं नाही. मला तिचा राग आला होता, आणि ती खरं बोलत होती. तारेच्या पलीकडे काका उभे होते. टोपी हातात होती. ते आत आले नाहीत आणि चिता पेटून खाली बसेपर्यंत गेलेही नाहीत. एकदा आमची नजर भिडली. दोघांनीही ती काढून घेतली.

पुढे मला पत्र आलं. बालोद्यानासाठी राखीव जागेचा अन्य कारणासाठी वापर केल्याबद्दल खुलासा करावा. मी खुलासा केला. लहान वाक्यांत, व्यवस्थित, पोहोच घेऊन. त्याला उत्तर आलं नाही. पायथ्याच्या गावानेही तक्रार दिली आहे, धूर खाली घरांवर येतो म्हणून. तो येतो. त्यांचं खोटं नाही. त्यानंतर त्या दोन आजारी म्हाताऱ्या माणसांपैकी एक जण गेला, त्यालाही तिथेच जाळलं. तेव्हा लाकूड वखारीतूनच आणलं, कारण लोकांकडे पाट उरले नव्हते. काकी आली नाही.

शाळेत फाळणीचा धडा पुन्हा आला आहे. मुलं विचारतात, सर, तिकडच्या लोकांना हे लोक का नको झाले? पुस्तकात दिलेलं उत्तर मी सांगतो.

गुरचरणाच्या जागी वसाहत आहे. काकीच्या गोठ्यापलीकडचं जोतं तसंच आहे, त्यावर गवत आहे. कोपऱ्यातल्या फलकावर बालोद्यान असं लिहिलेलं आहे, आणि त्याच्या मागची जमीन काळी आहे. आई ओढ्याच्या काठाला जळली, वडील इथे. मधे तार आहे.